पुऱ्या भावाची हौस

सुट्टी संपवून कुणी शिक्षक परत आला, की आमच्या स्टाफरूममध्ये बाकीचे विचारायचे, "काय काय बघितलं?" बाई विचारायच्या, "झोप लागली का?"

मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी शाळेत नवीन होतो. गोव्याला जाऊन आलो होतो. मी समुद्राचं वर्णन सुरू केलं, तर बाईंनी पेपर तपासता तपासता हात वर केला.

"समुद्राचं ऱ्हाऊ द्या सर. तो फोटोत दिसतोय. खोली कशी होती? पाणी? संडास?"

मी म्हटलं, डास होते, आणि शेजारी कुठंतरी लग्नाची गाणी चालली होती.

"मग पैसे वाया गेले म्हणा की," म्हणून त्या पुन्हा लाल पेनाकडे वळल्या.

बाई आमच्याकडे भूगोल शिकवायच्या. वर्गात त्यांचं बोलणं पुस्तकी, छापील. वर्गाबाहेर पाऊल पडलं की मुरगूडकडचं. त्या तिकडच्याच, एका बौद्ध कुटुंबातल्या. वडील प्राथमिक शिक्षक होते. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. कोल्हापुरात दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. अंगावर सुती साडी आणि पायात पुरुषांचे पांढरे पळायचे बूट, हा त्यांचा बारमाही वेष. चालायच्या इतक्या जोरात, की पोरं त्यांना मागे 'एक्सप्रेस' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. "जलद हाय तर जलदच म्हणणार," एवढंच त्या म्हणायच्या.

दर सुट्टीत त्या कुठल्या ना कुठल्या शहरात एकट्या जाऊन यायच्या. पगार आमच्याइतकाच, तरी त्यांचं फिरणं थांबत नसे. त्यामुळे बाई चिकट असणार, असा सगळ्यांचा समज होता. माझाही होता. तो चुकीचा निघाला.

देवळाजवळच्या चप्पल लाइनीत, कोल्हापुरी चपलांच्या दुकानांच्या गल्लीत, एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. त्यांनी भाव विचारला, दुकानदारानं सांगितला, त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. नवी चप्पल पायात घातली, "चालून बघते," म्हणाल्या आणि दुकानातून चक्क निघून गेल्या. मी अवघडून उभा. दुकानदार मात्र दुसऱ्या गिऱ्हाइकाला जोड दाखवत निवांत होता.

"बसा पावणं," तो मला म्हणाला. "देवळाला वळसा घालून येतील. बूट हायत की त्यांचे हितं."

आल्या. चप्पल काढून ठेवली. "अंगठा लागतोय. दुसरा दाखवा." पुन्हा गेल्या. तिसरा जोड घेतला तो सांगितलेल्या भावात, एक रुपया कमी न करता. बाहेर आल्यावर मी म्हटलं, थोडं कमी केलं असतं त्यानं. बाई म्हणाल्या, "त्याचा भाव त्यानं सांगायचा, माझं समाधान मी बघायचं. न्हाय पटलं तर उठायचं. घासाघीस कशाला?"

त्यांच्या बोलण्यात एक वाक्य वारंवार यायचं. "पैसे वाचवायचे असले तर घरात बसावं. फिरायला गेल्यावर पैसे वाचवायचे नसतात, वसूल करायचे असतात."

हे वाक्य आमच्या घरापर्यंत पोचलं ते बंगळूरच्या ट्रिपमुळे.

मुलगी तेव्हा नववीत होती आणि तिला तारांगण बघायचं होतं. वर्षभर घरात तोच विषय. मी सुट्टीच्या तोंडावर मोबाइलवर हॉटेलांचे भाव बघितले आणि गार पडलो. दहा वर्षांपूर्वी ज्या पैशांत चार दिवस आरामात राहून आलो होतो, त्यात आता एक रात्र धड निघत नव्हती. स्टाफरूममध्ये मी म्हटलं, "रद्द करतोय. बेंगलोर आता आपल्यासारख्यांचं राहिलं नाही."

बाईंनी पेपर बाजूला ठेवले. ही गोष्ट सहसा घडत नसे.

"कोण कोण जाणार होता?"

"आम्ही दोघं, मुलगी आणि आई."

"रद्द करू नका. मी येते."

मला वाटलं, थट्टा करतायत. संध्याकाळी त्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी हजर झाल्या. बायकोनं चहा ठेवला आणि स्वयंपाकघरातून मला खुणेनं आत बोलावलं. "तुमच्या शाळेतल्या बाई आपल्या ट्रिपला? कशाला?" बाहेर बाई आईशी बोलत बसल्या होत्या. आतला आवाज बाहेर जात असावा, कारण त्या मोठ्यानं म्हणाल्या, "वहिनी, माझा खर्च माझा. आणि मला त्या शहरातलं कळतंय. माझं आजोळ सीमेपलीकडचं, कानडी येतंय मला."

मग त्यांनी अट घातली. राहणं, खाणं, फिरणं त्या म्हणतील तसं, आणि त्यावर कुरकुर नाही. मात्र माणशी एक हौस करायची, ती पुऱ्या भावाची. "कुणी तिची किंमत विचारायची न्हाय. आणि झाल्यावर 'एवढ्यात अमकं आलं असतं' असं तर अजिबात म्हणायचं न्हाय. हाय कबूल?"

मुलगी लगेच हो म्हणाली. आई म्हणाली, "मला ह्या वयात कसली हौस. मला काय नको."

"नको चालत न्हाय," बाई म्हणाल्या. "तिथं गेल्यावर सांगा."

सकाळी बंगळुरात उतरलो तेव्हा बाईंच्या पाठीवर एक पिशवी होती आणि पिशवीला दोरीनं बांधलेलं घडीचं स्टूल. ते कशासाठी, विचारायचं माझं धाडस झालं नाही. त्यांनी आम्हाला मल्लेश्वरम नावाच्या जुन्या वस्तीत नेलं. झाडांच्या एका गल्लीत, कॉलेजांच्या मागच्या अंगाला, एक जुनं दुमजली लॉज होतं. पाटी पुसट. बायकोनं माझ्याकडे बघितलं.

"बाहेरगावची पोरं शिकतात, त्यांचे आईबाप हितं उतरतात," बाई म्हणाल्या. "कुठल्याबी शहरात आईबाप उतरतात तिथंच उतरायचं. त्यांना महाग परवडत न्हाय आणि पोरांसमोर घाण चालत न्हाय."

काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ होते. बाईंनी भाव विचारला नाही, खोली आहे का तेही विचारलं नाही. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं सावकाश, मोठ्या आवाजात सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि किल्ल्या पुढे केल्या. मग बाई खोली बघायला गेल्या. बूट काढून पलंगावर सरळ आडव्या झाल्या, डोळे मिटले, पंखा लावायला सांगितला आणि त्याचा आवाज ऐकत पडून राहिल्या. नळ सोडला. खिडकी उघडून खाली बघितलं. म्हाताऱ्याला कानडीत काहीतरी सुनावलं, तो हसला आणि त्यानं दुसऱ्या खोलीची किल्ली दिली. "त्या खोलीखाली भटारखाना हाय. पहाटे भांडी वाजणार," बाई आम्हाला म्हणाल्या.

खोल्या साध्या होत्या. पण चादरी कडक उन्हात वाळलेल्या वाटत होत्या, पाणी भरपूर होतं आणि गल्लीत आवाज नव्हता. भाव ऐकून मी दोनदा खात्री करून घेतली.

नाव आधी सांगण्याची ती पद्धत मला चमत्कारिक वाटली होती. दुपारी लालबागेत मुलगी आणि बायको आईला घेऊन पुढे गेल्या तेव्हा मी विचारलं. बाई झाडाच्या बुंध्याला टेकून बसल्या होत्या.

"लहान होते," त्या म्हणाल्या. "वडलांनी शहर दाखवायला नेलतं. कुठलं ते जाऊ द्या. एका लॉजवर खोली बघितली, मला लई आवडली. खिडकीतनं रस्ता दिसत होता. मी खिडकीत जाऊन बसलेबी. खाली वडलांनी वहीत आडनाव लिहिलं, आणि तो माणूस म्हणाला, खोली आधीच दिलेली हाय, विसरलो. मला खिडकीतनं उतरवून न्यावं लागलं त्यांना."

बाईंनी मांडीवर पडलेलं पान उचलून बाजूला टाकलं.

"तवापासनं मी आधी आडनाव सांगते. आवडल्यावर 'न्हाय' ऐकण्यापरीस आधीच ऐकलेलं बरं. आता सहसा कोण म्हणत न्हाय. पण सवय ऱ्हायली." मग त्या उठल्या आणि साडी झटकली. "चला, तुमच्या आईला भूक लागली असंल."

त्या शहरात उभ्यानं खायची हॉटेलं फार. गरम, ताजं आणि आपल्या खिशाला झेपणारं. पण आईचे गुडघे दुखरे. आता काय करायचं म्हणून मी इकडेतिकडे बघतोय, तोवर बाईंनी दोरी सोडून स्टूल उघडलं आणि त्या गर्दीच्या मधोमध मांडलं. आई नऊवारीत त्या स्टुलावर बसून इडली खातेय आणि भोवतीनं हापिसातली तरणी पोरं वाटी सांभाळत वळसा घालून जातायत, असं ते दृश्य होतं. एकानं आईला स्वतःहून चटणी आणून दिली. आई त्याला म्हणाली, "सुखी ऱ्हा." त्याला कळलं असावं.

सगळंच गोड झालं असं नाही. बाई चालवायच्या फार. आईला लॉजवर आराम करायला ठेवून तारांगणाला जाताना बायकोनं रिक्षा करू म्हटलं, तर "हितंच तर हाय" म्हणत त्यांनी भर उन्हात आम्हाला इतकं चालवलं की बायको फुटपाथवर बसली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही जावा. मी आता इथनं उठत नाही." बाई रस्त्याच्या कडेला गेल्या. मग त्यांनी स्वतः रिक्षा थांबवली, पुढे बसल्या आणि उतरताना म्हणाल्या, "माझं चुकलं वहिनी. मी एकटी फिरते ना, दुसऱ्याचे पाय ध्यानात येत न्हाईत." त्यानंतर बायकोचं आणि त्यांचं जमलं ते कायमचं.

आणि मग हौस. मुलगी आमच्या पेठेत पोरांच्यात फुटबॉल खेळते. तिनं फुटबॉलचे चांगले बूट मागितले. दुकानात किंमत बघून माझं तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे वर्गात बघतात तसं बघितलं. मी तोंड मिटलं. बूट घ्यायच्या आधी मात्र त्यांनी मुलीला दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळवलं. बायकोनं एका चकचकीत पार्लरमध्ये जाऊन केस खांद्यापर्यंत कापले. लग्नाआधीपासून तिच्या मनात होतं म्हणे. मला पत्ताच नव्हता. बाई स्वतः एका मोठ्या हॉटेलात गेल्या, जेवण मागवलंच नाही, तीन प्रकारचे गोड पदार्थ मागवून ओळीनं खाल्ले. "भाजीभाकरी कोल्हापुरातबी मिळते." मला मात्र काही सुचेना. बाई म्हणाल्या, "सर, तुमची हौस मेलीया काय बघा जरा." ते मला लागलं.

राहिली आई. रोज तिचं एकच, काय नको. शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही लॉजच्या ओट्यावर बसलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. बाईंनी पुन्हा विचारलं. आई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"सांगू का," ती म्हणाली. "मला एक रात एकटीला खोली पायजे. मोठ्या खिडकीची. दाराला आतनं कडी लावून झोपायचंय."

मुलीनं हातातला मोबाइल खाली ठेवला.

"लगीन होऊन आले तवापासनं माझ्या उशाला कोण ना कोण हायच," ती बाईंकडे बघूनच बोलत होती. "आधी सासू. मग पोरं. मग ह्यांचं आजारपण. आता नात. त्याच्या आधी म्हायेरात तर आम्ही सहा भणी एका वाकळंत. एकटी म्हणून कधी झोपलेच न्हाय. कसं असतंय ते बघायचंय."

मला ते कुठंतरी टोचलं. मी म्हटलं, "आई, आमची अडचण होते का तुला? तसं सांगायचं की."

"अडचण न्हाय रं. अडचण असती तर तुला कवाच घराभाईर काढला असता."

"पण अनोळखी शहर. बीपीची गोळी. रात्री काही झालं तर?"

"होतंय काय?" बाई म्हणाल्या. "खाली माणसं असतात, खोलीत फोन असतोय. आणि सर, तुम्ही किंमत विचारायची न्हाय असं ठरलंय."

"मी किंमत कुठं विचारली?"

"हीबी किंमतच हाय."

मी बायकोकडे बघितलं. ती माझी बाजू घेईल असं मला वाटलं होतं. ती आईच्या पिशवीत गोळ्या, टॉवेल, बदलायचं लुगडं भरत होती.

"जाऊ द्या त्यांना," ती म्हणाली. "माझंसुद्धा कधीतरी असंच होतं."

गल्लीच्या तोंडाशी मोठ्या रस्त्यावर काचेचं एक हॉटेल होतं. आम्ही सगळे तिथं गेलो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, आजींबरोबर कोण राहणार? बाई म्हणाल्या, कुणी नाही. त्या काउंटरवरच्या मुलीनं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बाईंनी आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग आईचं, मग त्या खोली बघायला वर गेल्या. इथंसुद्धा पलंगावर आडव्या झाल्या असणार, कारण खाली आल्या तेव्हा म्हणाल्या, "चांगली हाय. पण लिफ्टच्या भिंतीला लागून हाय. दुसरी द्या." दुसरी मिळाली. तिची खिडकी जवळजवळ भिंतीएवढी होती आणि खाली गुलमोहोर होता. बाईंनी आईला दाराची कडी, गरम पाण्याचा नळ आणि फोनचं बटण शिकवलं. अजून ऊन होतं, तरी आई म्हणाली, "आता जावा तुम्ही." आम्ही बाहेर पडलो. मागे कडी लागल्याचा आवाज आला. मुलगी हसायला लागली. मला हसू आलं नाही.

सकाळी मी उठल्या उठल्या त्या हॉटेलवर गेलो. बाई आधीच तिथं खालच्या मोठ्या दालनात खुर्चीवर बसून पेपर वाचत होत्या.

"वर जायचं न्हाय," त्या म्हणाल्या.

"नुसतं बघून येतो."

"दार वाजवायचं न्हाय. खोली त्यांची हाय, त्यांनी सोडंपर्यंत. बसा."

मी बसलो. बाईंनी पेपरचं एक पान मला दिलं. कानडी होतं. मी ते हातात धरून लिफ्टच्या दाराकडे बघत राहिलो. माणसं येत होती, जात होती. आपण आईला खरं कधी ओळखलं होतं का, असा विचार मनात येत होता, आणि तो नको वाटत होता.

मग लिफ्टचं दार उघडलं आणि आई बाहेर आली. एकटी. लिफ्टमध्ये ती आयुष्यात पहिल्यांदा एकटी बसली असणार. न्हालेली होती आणि केस मोकळे सोडले होते, पांढरे, ओले, कमरेपर्यंत. मी माझ्या आईचे मोकळे केस तोवर कधी बघितले नव्हते. ती घरात सगळ्यांच्या आधी उठते, आम्ही उठतो तेव्हा अंबाडा घातलेला असतो.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं," आई म्हणाली.

"काय केलंस गं रात्रभर?" मी विचारलं.

"काय न्हाय." तेवढंच. पण नंतर गाडीत तिनं नातीला हळूच सांगितलेलं मी ऐकलं: पलंगाच्या मधोमध आडवी झोपले होते, हातपाय पसरून. खिडकीचा पडदा उघडा ठेवून. दोनदा चहा मागवला, दोन्ही वेळा एकटीनं प्याले.

परत आल्यावर घरात एक बदल झाला. दुपारी जेवणं झाली की आई आतल्या खोलीचं दार लावून घेऊ लागली. आमच्या त्या अरुंद घरात खोलीचं दार दुपारी लावणं ही नवीनच गोष्ट होती. सुरुवातीला शेजारच्या काकूंनी विचारलं, तब्येत बरी नाही का? बायकोनं सांगितलं, "बरी हाय की. आत हायत." आता कुणी विचारत नाही.

बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात शाल अंगावर घेतली, भाषण मात्र केलं नाही. पोरांना एवढंच सांगितलं, "नकाशात गाव शोधता, तसं गावात गेल्यावर स्वतःची जागाबी शोधा." आता त्या मुरगूडला असतात. मला वाटलं होतं, संबंध हळूहळू विरतील. पण त्या मंगळवार पेठेत येत राहिल्या, आणि माझ्याकडे नाही, आईकडे. दोघी आत दार लावून बसतात. आतून हसण्याचा आवाज येतो. मी त्यांच्याबरोबर एवढी वर्षं नोकरी केली, पण बाई अशा हसतात हे मला माहीत नव्हतं.

यंदा दिवाळीनंतर त्या आल्या आणि म्हणाल्या, म्हैसूरला जायचं. आईचे गुडघे आता पार गेलेत. मी म्हटलं, ती कशी चढेल, कुठं राहाल, मी रजा काढून येतो. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, तळमजल्यावरची जागा बघून ठेवलीय, दाराशी रिक्षा लागते, आणि चालणं नाही, ते वहिनींनी शिकवलंय.

"आणि सर, तुम्ही कशाला?" त्या म्हणाल्या. साध्या आवाजात, खरंच कारण विचारावं तसं.

स्टँडवर त्यांना सोडायला गेलो. आईला धरून वर चढवलं, खिडकीजवळ बसवलं. पिशवी वर ठेवली. गोळ्या कुठल्या खणात आहेत ते सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. आई "व्हय, व्हय" म्हणत होती. मी खाली उतरून खिडकीपाशी उभा राहिलो. बाईंनी डबा उघडला होता. आई वाकून त्यात काय आहे ते बघत होती.

गाडी हलली तेव्हा मी हात वर केला. दोघींपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.